बहुभाषिक पोथ्यांचे प्रदर्शन कसे मांडावे : नागपूरच्या ग्रंथालयांतील नवख्या कार्यकर्त्यांसाठी

जुन्या पोथ्यांचे प्रदर्शन भरवायचे ठरले की ग्रंथालयात कोणीतरी आधी भाषावार यादी करायला बसते: संस्कृत इतक्या, मराठी इतक्या, फारसी दोन, प्राकृत एक. यादी अवश्य करावी, तिच्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. पण त्या यादीबरहुकूम काचपेट्या लावल्या, तर पाहणारा मराठीच्या पेटीपाशी चार मिनिटे थांबतो, फारसीच्या पेटीवरून नजर फिरवतो आणि आपल्याला न कळणाऱ्या अक्षरांना नमस्कार करून बाहेर पडतो. उत्तर मध्ययुगात लिहिणारी माणसे मात्र एकाच भाषेत राहत नव्हती. संस्कृत श्लोकाखाली मराठी ओवी लिहिणारा, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय शोधणारा, मराठी मजकूर मुद्दाम अनोळखी लिपीत उतरवून घेणारा, असे लेखक आणि लेखनिक त्या काळात सर्वत्र भेटतात. म्हणून भाषा जिथे एकमेकींना भेटतात ती पाने शोधणे हे या प्रदर्शनाच्या मांडणीकाराचे खरे काम आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या हे काम डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिल्या आहेत.

काळाची हद्द आधी आखून घ्या

युरोपच्या इतिहासात उत्तर मध्ययुग म्हणजे साधारण १३०० ते १५०० असे धरतात. आपल्याकडे यादवांची सत्ता संपली तेथपासून, म्हणजे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा काळ धरणे सोयीचे आहे. नागपूर शहराची स्थापना देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये केली असे मानले जाते. तेव्हा आपले प्रदर्शन जिथे संपते तिथे नागपूर सुरू होते, ही गंमत पहिल्याच फलकावर सांगायला हरकत नाही. या हद्दीचा एक व्यावहारिक परिणाम मात्र लक्षात ठेवावा. शहरातल्या जुन्या घरांतून सर्वांत सहज मिळणारी सामग्री म्हणजे भोसलेकालीन मोडी कागद, आणि ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले असतात. ते देखणे असतात, देणारे आग्रही असतात आणि नकार देणे अवघड जाते. तरीही ते या प्रदर्शनात घेऊ नयेत. एकदा दार उघडले की निम्मी दालने त्यांनीच भरतात आणि विषय हातातून निसटतो.

याच संदर्भात नवख्याची सर्वांत जास्त फसगत होते ती ग्रंथाचा काळ आणि प्रतीचा काळ यांत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये पूर्ण झाली. पण ग्रंथालयात असलेली तिची पोथी त्यानंतर चारशे किंवा साडेपाचशे वर्षांनी उतरवलेली असू शकते. उत्तर मध्ययुगीन ग्रंथांच्या आज हाती येणाऱ्या बहुतेक प्रती पुढच्या काळातल्याच असतात. असे असणे हा दोष नाही. ते लपवणे हा दोष आहे. म्हणून ‘रचना’ आणि ‘नक्कल’ अशा दोन वेगळ्या ओळी प्रत्येक पाटीवर द्याव्यात.

लिपी आणि भाषा यांची गल्लत टाळा

देवनागरी दिसली की मराठी किंवा संस्कृत, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे दिसली की उर्दू, असा शिक्का मारण्याची आपल्याला सवय असते. प्रत्यक्षात एकच मराठी त्या काळी बाळबोधीत, मोडीत, महानुभाव पंथाच्या सांकेतिक सकळ लिपीत आणि गोव्यात रोमन अक्षरांतही लिहिली गेली आहे, तर फारसी अक्षरांतला मजकूर दखनीही, म्हणजे दख्खनेतल्या जुन्या उर्दूतलाही, असू शकतो. सुरुवातीलाच एक तक्ता करावा आणि त्यात लिपी, मजकुराची भाषा आणि समासातल्या टिपांची भाषा यांसाठी तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. तिसरा रकाना बहुतेक जण विसरतात. आमच्या अनुभवात मात्र प्रदर्शनाचा निम्मा जीव त्या रकान्यातूनच निघतो, कारण पोथी कोणी वाचली आणि कोणत्या भाषेत समजून घेतली हे समासातच उमटलेले असते.

कुठे शोधावे

नागपूरहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर या विषयाची तीन मोठी ठिकाणे आहेत, आणि ती तिन्ही विदर्भातलीच आहेत हे नागपूरकरांना सांगितल्याशिवाय खरे वाटत नाही.

पहिले ठिकाण म्हणजे अमरावती जिल्ह्यातील महानुभाव पंथाचे रिद्धपूर, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेले ‘लीळाचरित्र’ या महानुभाव परंपरेतले. संस्कृतात ग्रंथ लिहू पाहणाऱ्या केशिराजबासांना पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी ‘येणें माझिया म्हातारिया नागवतील’ (याने माझ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील) असे म्हणून अडवले, ही हकीकत या प्रदर्शनासाठी अक्षरशः सोन्यासारखी आहे, कारण कोणत्या भाषेत लिहावे हा वाद तिच्यात एका वाक्यात मावतो. त्यानंतर याच पंथाने आपले मराठी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये ‘लीळाचरित्र’ संपादित करून प्रसिद्ध केले. सर्वांना कळावे म्हणून मराठी आणि सर्वांना कळू नये म्हणून सकळ लिपी, हा विरोधाभास एका पेटीत शेजारी शेजारी ठेवता येतो.

दुसरे ठिकाण म्हणजे वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड. तेथील जैन शास्त्रभांडारांत अपभ्रंश या प्राकृतानंतरच्या भाषेतील ग्रंथांच्या मोलाच्या प्रती जपल्या गेल्या. रायबहादूर हिरालाल यांनी केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपुरात छापली गेली आणि त्या प्रतींकडे अभ्यासकांचे लक्ष गेले, पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये कारंजा येथील ग्रंथमालेतून प्रकाशित झाले. दोन्ही हिरालाल वेगळे आहेत; पाटी लिहिताना त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. ही सूची ग्रंथालयात असेल तर कामाची सुरुवात तिच्यापासूनच करावी.

तिसरे अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. फारसी आणि दखनीचा धागा तेथून पकडता येतो. याखेरीज रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आणि शहरातले मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजबबंगला म्हणतो, येथे लेखी अर्ज करून विचारणा करावी.

एका गोष्टीचे उत्तर मात्र कोणत्याही संग्रहात मिळणार नाही. देवगड आणि चांदा येथे राज्य करणाऱ्या गोंडांच्या भाषेचे काय, असे कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवे. गोंडी वाङ्मय प्रामुख्याने मौखिक परंपरेने चालत आले. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तिच्यासाठी केलेली लिपी १९१८ ची आहे. जी भाषा पेटीत नाही तिच्यासाठी एक फलक भिंतीवर ठेवावा आणि शक्य असेल तर तिथे गोंडी कथा-गीतांचे ध्वनिमुद्रण ऐकवावे. रिकामी पेटी ठेवून प्रतीकात्मक काही करण्यापेक्षा हे बरे.

मालकांशी बोलणी

मठ, मंदिर आणि भांडार यांच्यासाठी पोथी ही वस्तू नसते. महानुभाव मठात ती पूजेत असते. दिगंबर जैन परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, ग्रंथ बाहेर काढून त्यांची पूजा होते. पहिल्या भेटीत उसनवारीचा कागद पुढे करू नये. महंतांना किंवा विश्वस्तांना पोथी कशी ठेवलेली त्यांना चालेल हे आधी विचारावे: कमरेच्या खाली नको, जवळ पादत्राणे नकोत, रात्री वस्त्रात गुंडाळलेली हवी, अशा अटी येतात आणि त्या पाळणे अवघड नसते. काही ग्रंथ बाहेरच्यांना दाखवायचे नसतात. तिथे नकार मिळाला तर तो मनापासून स्वीकारावा आणि छायाचित्राचाही आग्रह धरू नये.

बोलणी झाल्यावर मात्र सर्व काही लेखी हवे: कालावधी, विमा, ने-आण कोण करणार, छायाचित्रे कुठे वापरता येतील आणि पोथी परत कोणाच्या हाती द्यायची. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार वाङ्मयीन, ऐतिहासिक, वैज्ञानिक किंवा कलात्मक मूल्य असलेले आणि किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित पुरावशेष ठरते. सचित्र हस्तलिखितांच्या नोंदणीची तरतूदही त्यात आहे. खासगी मालकाची सचित्र पोथी घेत असाल तर तिची नोंदणी झाली आहे का, हे विचारून घ्यावे. आणि प्रदर्शन पाहून कोणी पोथी विकत मागितली, तर त्या संभाषणात ग्रंथालयाने पडूच नये.

पोथी हातात घेण्यापूर्वी

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कागदी पोथीसाठी सुती हातमोजे घालू नयेत, कारण त्यांतून कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटते. टेबलावर फक्त पेन्सिल ठेवावी. पाण्याची बाटली खोलीबाहेर. काजळाच्या शाईवर पाण्याचा एक थेंब पडला तरी अक्षरे पसरतात. चुकीचा मजकूर झाकण्यासाठी लेखनिक पिवळी हरताळ लावत असत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळात आर्सेनिक असते आणि लाल हिंगुळात पारा, म्हणून काम संपल्यावर पुन्हा हात धुवावेत आणि बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय तर घरीच ठेवून यावी. हिरवा जंगाल रंग तांब्यापासून केलेला असतो आणि कालांतराने कागद खातो. ज्या पानाच्या रंगीत चौकटीपाशी कागद तपकिरी होऊन तुटू लागला आहे, ते पान कितीही सुंदर असले तरी उभे किंवा कलते ठेवू नये.

प्रत्येक पोथीची स्थितीनोंद करावी. तिच्यात पत्रांची (म्हणजे पोथीच्या सुट्या पानांची) संख्या, पानाची लांबी-रुंदी, पानावरील ओळी, ओळीतील अक्षरे, वाळवीची भोके, जुनी चिकटपट्टी आणि सुटलेली शिवण यांचा उल्लेख असावा, आणि चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पत्रे स्वतः मोजावीत. जुन्या सूचीतला आकडा उतरवून घेऊ नये. पोथीत वेखंडाचे तुकडे किंवा निर्माल्य सापडले तर तेही नोंदवून वेगळ्या पाकिटात ठेवावे आणि पोथीबरोबर परत करावे.

काळ वाचायला शिका

पोथीच्या शेवटच्या पानावरची पुष्पिका आधी वाचावी. तिथे लेखनिकाचे नाव, गाव, तिथी, आणि पुष्कळदा ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’ हा श्लोक असतो. जसे पाहिले तसे लिहिले, चूक असेल तर दोष माझा नाही, असे तो लेखनिक सांगतो. प्रेक्षकांना हा श्लोक फार आवडतो.

शक वर्षात ७८ मिळवावेत; मात्र जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. विक्रम संवतातून बहुधा ५७ वजा करावेत. जैन प्रतींत हाच संवत जास्त येतो. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे त्याला ठरावीक वजाबाकी चालत नाही, कोष्टकच पाहावे लागते. उदाहरणार्थ, हिजरी १००० हे वर्ष ऑक्टोबर १५९१ मध्ये सुरू झाले. काही ठिकाणी आकड्यांऐवजी शब्द येतात आणि ते उजवीकडून वाचायचे असतात: ‘रस-नभ-बाण-चंद्र’ म्हणजे ६, ०, ५, १, म्हणजेच शके १५०६.

हेच वर्ष एका प्रसिद्ध सापळ्याचेही आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत शके १५०६ मध्ये, तारण संवत्सरात, म्हणजे १५८४ मध्ये सिद्ध केली आणि तसे ओवीत नोंदवले. पुढच्या लेखनिकांनी ती ओवीही इमानदारीने उतरवली. त्यामुळे पोथीच्या शेवटी ‘शके पंधराशें साहोत्तरीं’ दिसले म्हणून ती पोथी १५८४ ची ठरत नाही. तिच्या खाली लेखनिकाची स्वतःची नोंद आहे का ते पाहावे. नसेल तर कागद, अक्षराचे वळण आणि जाणकाराचे मत यांवरून शतकापुरताच अंदाज द्यावा.

नागपूरची हवा

ग्रंथरक्षणाच्या पुस्तकांत तापमान २० अंशांच्या आसपास आणि सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असे लिहिलेले असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या आपल्या शहरात हे वाचून हसू येते. पण आकड्यापेक्षा घातक असतो तो चढउतार, आणि चढउतार कमी करणे आपल्या हातात असते. प्रदर्शन नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावे; त्यातही डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि सभागृह, वाहन, अधिकारी, पाहुण्यांसाठी खोली यांपैकी काहीच मिळत नाही, म्हणून जानेवारी उत्तम. पोथ्यांच्या दालनात कूलर कोणत्याही परिस्थितीत लावू नये. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती गार हवा आपल्याला कितीही प्रिय असली, तरी ती ओली असते, आणि दिवसभर ओली व रात्री कोरडी अशा हवेत कागद फुगतो, आकसतो आणि रंग सुटतात. दिवसा एसी चालवून रात्री बंद करणे हाही तोच अपराध आहे. बंद काचपेटीत योग्य आर्द्रतेला आणलेले सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला, तर एसीवाचूनही हिवाळ्यात काम निभते.

उजेड ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त नको. लक्समीटर विकत घेता येत नसेल तर एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातून मागून आणावा. उजेडाची हानी साठत जाते: ५० लक्समध्ये रोज ८ तासांप्रमाणे ३० दिवसांत जेवढा उजेड पानावर पडतो, तेवढाच २०० लक्समध्ये साडेसात दिवसांत पडतो. खिडक्यांना जाड पडदे लावावेत, पेटीच्या आत दिवा नसावा, आणि उद्घाटनाच्या दिवशी वृत्तवाहिनीचे प्रखर दिवे पेट्यांपासून दूर राहतील याची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्यावी.

पेट्या लावणे

पहिल्या प्रदर्शनासाठी पाच-सहा पेट्या आणि वीस-पंचवीस वस्तू पुरेत. प्रत्येक पेटी एका भेटीची असावी. एका पेटीत संस्कृत आणि मराठी: त्रिपाठ पद्धतीचे पान मिळाले तर फारच छान, कारण त्यात मूळ मजकूर मध्ये आणि टीका वर-खाली असते आणि दोहोंचे नाते न वाचताही दिसते. दुसऱ्या पेटीत रिद्धपूरची दोन टोके, म्हणजे सर्वांसाठीची मराठी आणि सांकेतिक सकळ लिपी, तिसऱ्यात कारंजाचा अपभ्रंश आणि समासातली टिपणे. चौथ्या पेटीत फारसी आणि मराठी यांचे भांडण व संसार: एकीकडे शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेला ‘राज्यव्यवहारकोश’, ज्यात दरबारी फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत, आणि दुसरीकडे एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’, ज्यात दोन्ही बोली एकाच रचनेत समोरासमोर उभ्या राहतात. पाचव्यासाठी फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ घ्यावे: मराठी ओवी, ख्रिस्ती कथा, आणि गोव्यात रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन अक्षरांत झालेली छपाई. त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनला आहे, तेव्हा येथे प्रतिकृतीच ठेवावी लागेल. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणावे. जुनाट दिसावी म्हणून तिला चहाच्या पाण्यात बुडवू नये. हे मी गमतीने लिहीत नाही, पाहिले आहे.

सुटी पत्रे आम्लरहित पुठ्ठ्यावर ठेवून पारदर्शक पॉलिस्टर पट्टीने अलगद धरावीत. टाचणी, डिंक, सेलोटेप यांना पेटीजवळ फिरकू देऊ नये. बांधलेल्या ग्रंथाला दोन्ही बाजूंनी आधार देणारी ठवणी करावी आणि तो सपाट उघडू नये. फारसी ग्रंथ उजवीकडून उघडतो, हे सर्वांना माहीत असते आणि ऐन घाईत सर्वच विसरतात. आमच्या पहिल्या प्रदर्शनात एक फारसी पान उलटे लागले होते. तीन दिवस कोणाच्याही लक्षात आले नाही. चौथ्या दिवशी कामठीहून आलेल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी मला बाजूला घेऊन अतिशय हळू आवाजात ते सांगितले. तेव्हापासून प्रत्येक लिपीचा एक वाचणारा माणूस उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पेट्यांसमोरून फिरवून आणण्याचा नियम केला आहे. मोमिनपुरा आणि कामठीत फारसी-उर्दू जाणणारे, मोडीच्या वर्गांतून तयार झालेले तरुण आणि मठांतले सकळ लिपीचे वाचक, हे सर्व बोलावल्यास आनंदाने येतात.

पाट्या

पाटी साठ-सत्तर शब्दांची असावी, अक्षर निदान १८ पॉइंटचे. तिच्यातले पहिले वाक्य समोरच्या पानाविषयी असावे, ग्रंथकाराच्या जन्मगावाविषयी नव्हे. ‘एकनाथ हे पैठणचे थोर संत होते’ या वाक्याने पाटी सुरू झाली, तर पाहणारा पानाकडे वळतच नाही. ‘तिसऱ्या ओळीतला लाल शब्द पाहा’ म्हटले की तो वाकून पाहतो. मूळ मजकुराच्या दोन ओळी आजच्या देवनागरीत आणि खाली त्यांचा अर्थ सोप्या मराठीत द्यावा. नागपुरात हिंदी वाचणारा प्रेक्षक मोठा आहे, म्हणून हिंदी मजकूरही हवा, पण तो मराठीचे शब्दशः भाषांतर नसावा. फारसी-दखनीच्या पेटीपाशी उर्दू पाटीही ठेवावी.

प्रदर्शन उठताना

लावण्यापेक्षा काढताना अधिक नुकसान होते, कारण सर्व जण थकलेले असतात आणि टेम्पो दाराशी उभा असतो. पेट्या एकेक करून उघडाव्यात. प्रत्येक पोथीची पत्रे पुन्हा मोजून, आधीच्या छायाचित्रांशी ताडून, स्थितीनोंदीवर दुसरी तारीख आणि सही घालावी. नवी चीर दिसली तर ती मालकाला आपण होऊन दाखवावी. पोथी ज्या रुमालात आली त्याच रुमालात, आली तशीच घडी घालून बांधावी. गाठ कशी होती याचे छायाचित्र पहिल्या दिवशी काढून ठेवले असेल तर या वेळी ते उपयोगी पडते. पोच महंतांच्या किंवा विश्वस्तांच्या हातूनच घ्यावी, चालकाकरवी नव्हे.